कावीळ: डोळ्यांच्या रंगापेक्षा झोपेकडे लक्ष द्या

पत्र: माझा धाकटा मुलगा २१ वर्षांचा आहे, पुण्यात हॉस्टेलवर राहून शिकतो. आठवड्यापूर्वी ताप आणि मळमळ सुरू झाली, अन्न नको म्हणायला लागला, म्हणून घरी आला. चार दिवसांपासून डोळे पिवळे आहेत, लघवी गडद होते. ताप आता नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं: बिलिरुबिन ८.४, एसजीपीटी १८६०. विश्रांती घ्या म्हणाले, गोळ्या अशा काही दिल्याच नाहीत. सासूबाई म्हणतात, काविळीला डॉक्टरचं औषध नसतंच. शेजारच्या गावात माळ घालतात आणि नाकात औषध सोडतात, तीन रविवार जायचं. मला भीती वाटते, पण घरात कुणी ऐकत नाही. थोरली सून सातव्या महिन्यात आहे, तिला काही धोका आहे का? याला खायला काय देऊ? हळद, तेल, तूप सगळं बंद केलंय. ताप यायच्या दोन दिवस आधी गाड्यावर काहीतरी खाल्लं होतं, त्याचंच हे झालं असेल का?
– एक आई, सांगली जिल्हा

ताई, सासूबाईंचं निम्मं खरं आहे. दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीला, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई या दोन विषाणूंच्या काविळीला, नेमकं असं औषध नसतं. यकृत आपलं आपण सावरतं. डॉक्टरांनी गोळ्यांची पिशवी भरून दिली नाही, हे शहाणपणाचंच झालं. पण तुम्ही लिहिलेल्या आकड्यांत एक आकडा नाही, आणि सगळ्यात आधी तोच बघायला हवा: पीटी-आयएनआर. ही रक्ताचीच तपासणी आहे आणि निकाल सहसा त्याच दिवशी मिळतो. हे पत्र अर्धं ठेवा, पण ती आजच करून घ्या.

रक्त गोठायला लागणारे बरेचसे घटक यकृत बनवतं आणि त्यातले काही जेमतेम काही तास टिकतात. यकृत बनवायचं थांबलं की ते एक-दोन दिवसांत कमी पडतात. म्हणून यकृत आज किती काम करतंय, हे आयएनआर सांगतो. निरोगी माणसात तो १ च्या आसपास असतो. १.५ किंवा त्याच्या वर गेला, तर मुलगा चालता-बोलता असला तरी घरी ठेवायचं नाही.

एसजीपीटीचं काम वेगळं. यकृताच्या पेशींना इजा झाली की त्यांच्यातलं हे द्रव्य रक्तात सांडतं. नव्या हिपॅटायटिसमध्ये हजार-दोन हजार नेहमीच दिसतात, त्यामुळे १८६० बघून धास्तावू नका. घोटाळा पुढे होतो. आठवड्याने तो ४०० वर आला की घरात सुटकेचा निःश्वास टाकतात. बिलिरुबिनही उतरत असेल, आयएनआर ठीक असेल आणि पोरगं खायला मागत असेल, तर ते खरंच बरं होणं आहे. पण एसजीपीटी उतरतोय आणि बिलिरुबिन व आयएनआर मात्र चढतायत, असं असेल तर फुटायला पेशीच फारशा उरलेल्या नाहीत, असा त्याचा अर्थ असू शकतो. एकट्या एसजीपीटीवर कधीही विसंबू नका.

आता बिलिरुबिन. आपल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यांच्यातून हा पिवळा रंग निघतो. यकृत तो पाण्यात विरघळेल असा करून पित्तातून आतड्यात सोडतं, आणि शौचाचा तपकिरी रंग त्यातूनच येतो. साधारण १.२ पर्यंत प्रमाण ठीक. अडीच-तीनच्या पुढे गेलं की डोळ्यांत दिसायला लागतं. तुमच्या मुलाचं अजून काही दिवस वाढेलही, १२-१५ पर्यंत गेलं म्हणजे लगेच धोका असं नाही. पिवळेपणा चार ते सहा आठवड्यांत जातो. काहींना अंगाला खाज सुटून तो दोन-तीन महिनेही रेंगाळतो. हे कंटाळवाणं असतं, पण सहसा घातक नसतं.

डोळे बघायचे ते दिवसाउजेडी, दारात उभं करून. त्याला खाली बघायला सांगा आणि वरची पापणी अलगद उचला. पिवळ्या बल्बखाली काही कळत नाही. लघवीचा रंग मात्र डोळ्यांच्या आधी बदलतो. गडद चहासारखी लघवी आणि वर पिवळसर फेस दिसला, तर विरघळणारं बिलिरुबिन मूत्रपिंडातून बाहेर पडतंय. डोळे थोडे पिवळसर पण लघवी स्वच्छ, असं असेल तर डॉक्टर दुसऱ्या दिशेने विचार करतात: लाल पेशी जास्त मोडतायत, किंवा गिल्बर्ट नावाचा निरुपद्रवी प्रकार आहे. त्यात एखाद्या कडक उपासानंतर डोळे पिवळट होतात, बिलिरुबिन सहसा दीड ते तीनच्या दरम्यान, बाकी सगळे रिपोर्ट सरळ. दरवर्षी माळ घालून ‘बरे’ होणाऱ्यांत असे लोक बरेच असावेत.

पुढचे दोन-तीन आठवडे घरात नजर कशावर ठेवायची, तर त्याच्या झोपेवर. यकृत फार थकलं की एरवी ते गाळून टाकतं ती द्रव्यं मेंदूपर्यंत पोचतात. त्याची पहिली खूण बेशुद्धी नसते. रात्री दोन वाजता पोरगं पंख्याकडे बघत टक्क जागं असतं आणि दुपारी ताटावर बसल्या बसल्या पेंगतं. घरचे म्हणतात, अशक्तपणा आलाय, झोपू दे. मग ते उगाच चिडतं, विचारलेल्याला भलतंच उत्तर देतं, शर्टाची बटणं वर-खाली लावतं. एक वही घ्या. रोज सकाळी त्याच्याकडून त्यात तारीख, वार आणि सही लिहून घ्या. २० पासून उलटे आकडे म्हणायला सांगा. दोन्ही हात पुढे करून, वाहन थांबवताना करतो तसे पंजे उभे धरून, बोटं फाकवून अर्धा मिनिट ठेवायला सांगा. पंजे मधूनच पुढे पडून पुन्हा झटक्याने वर येत असतील, सही वाकडीतिकडी झाली असेल किंवा वार चुकत असेल, तर रविवारची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. न्यायचं ते अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात, म्हणजे जिल्ह्याच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या. फार थोड्यांना यकृत प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो, पण तो करायला वेळ हाताशी लागतो. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी तर मुळीच देऊ नका. तिने हीच खूण झाकली जाते.

दवाखाना गाठायची आणखी कारणं अशी. दिवसभर पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, लघवी सहा-आठ तासांत झालेली नाही, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, शौच डांबरासारखं काळं होतंय, पोट किंवा पावलं सुजतायत. आणि ताप. हिपॅटायटिसमध्ये ताप बहुधा आधी येतो आणि डोळे पिवळे होईतो उतरतो. तुमच्या मुलाचं तसंच झालंय, हे त्यातल्या त्यात चांगलं लक्षण. डोळे पिवळे झाल्यावरही ताप चढत राहिला, तर प्रकरण वेगळं असतं. पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) यांचा विचार करावा लागतो. लेप्टो पुराच्या किंवा शेतातल्या साचलेल्या पाण्यातून होतो. त्यात डोळे आधी लाल दिसतात, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत, आणि त्याला अँटिबायोटिक वेळेत मिळावं लागतं. थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली कळ आणि कावीळ असं त्रिकूट दिसलं, तर पित्तनलिकेत खडा अडकून पू झालेला असू शकतो. तिथे उशीर तासांनी मोजतात. आणि घरातल्या साठी ओलांडलेल्या माणसाचे डोळे न दुखता-खुपता पिवळे झाले, अंगाला खाज, शौच पांढरट, वजन उतरतंय, तर पित्ताची वाट कुठेतरी बुजलीय. ती गाठीने बुजलेली असू शकते, म्हणून सोनोग्राफी त्याच आठवड्यात हवी.

या काविळीचं नाव अजून ठरलेलं नाही, हेही राहिलंय. आयएनआरसोबत हिपॅटायटिस ए आणि ई यांची आयजीएम तपासणी, हिपॅटायटिस बी साठी एचबीएसएजी आणि सी ची तपासणी करायला सांगा. बी निघाला तर घरातल्या सगळ्यांची तपासणी आणि लस लागते. बी आणि सी ची तपासणी-उपचार सरकारी रुग्णालयात राष्ट्रीय कार्यक्रमाखाली २०१८ पासून मोफत आहेत. पहिल्या आठवड्यात आयएनआर आणि बिलिरुबिन दर दोन-तीन दिवसांनी बघावं लागेल, पुढे किती दिवसांनी ते डॉक्टर ठरवतील.

आता माळेकडे येते. हिरव्या काडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दोऱ्यात सरकत्या गाठींनी आवळून बांधलेले असतात. काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि आत अडकलेला दोरा मोकळा होतो. डोक्यात घातलेली माळ चार दिवसांत छातीपर्यंत उतरते. कावीळ असो वा नसो, खुंटीला टांगली तरी ती तेवढीच वाढेल. दोन माळा आणून घरातच करून बघा, सासूबाईंसमोर. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, तेही हाताला आधी चोळलेल्या झाडपाल्याच्या रसामुळे. तळहातातून बिलिरुबिन असं गळत नाही. आणि ‘तीन रविवार’ यात खरी गंमत आहे. पहिल्या रविवारपासून तिसऱ्यापर्यंत जातात दोन आठवडे, आणि बहुतेकांचं बिलिरुबिन तेवढ्यात आपोआप उताराला लागतं. श्रेय मात्र माळेला जातं, आणि ज्यांचं उतरत नाही ते तिसऱ्या रविवारी तिथे यायला नसतात.

तरीही माळेवरून घरात भांडण काढू नका. नुसती माळ कुणाला इजा करत नाही. सासूबाईंच्या मनाला बरं वाटत असेल तर घरीच घाला, फक्त वही आणि रक्ततपासणी चुकवू नका. नाकातलं औषध मात्र नको म्हणजे नको. देवडांगरीसारख्या कडू फळाचा रस नाकात सोडला की आतली त्वचा भाजते, सुजते आणि तासन् तास पिवळसर पाणी गळत राहतं. लोकांना वाटतं कावीळ बाहेर पडली. ज्याचा आयएनआर वाढलाय त्याच्या नाकात अशी जखम झाली, तर रक्त थांबवणं अवघड होतं. मनगटावर डाग देणं याच कारणासाठी नको. झाडपाल्याचे काढेही बंद ठेवा. ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेल्या गुळवेलीनंतर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी करोनाच्या काळात नोंदवले आहेत. आधीच सुजलेल्या यकृतावर असा प्रयोग कशाला?

उसाच्या रसाचंही सांगते. घरी स्वच्छ धुतलेल्या उसाचा काढला तर साखर पोटात जाते, एवढाच त्याचा गुण, आणि तोही वाईट नाही. रस्त्यावरच्या गुऱ्हाळातला, बर्फ घातलेला रस मात्र ज्या पाण्याने कावीळ झाली तेच पाणी पुन्हा पाजू शकतो.

हळद परत सुरू करा. वरणातली हळद डोळ्यांत उतरत नाही, ती कावीळ वाढवत नाही. पिवळं खाल्लं की पिवळं होतं, एवढ्याच तर्कावर ती बंद झालीय. तेल-तूपही विष नाही. तळलेल्या वासाने मळमळ वाढते म्हणून भजी, वडे, रस्सा नको. पण भातावर चमचाभर तूप चालतं. नुसत्या ग्लुकोजच्या पाण्यावर आणि मुरमुऱ्यांवर आठ दिवस काढलेलं पोरगं काविळीपेक्षा उपासमारीने जास्त खंगतं. या आजारात मळमळ सकाळी कमी आणि दिवस चढेल तशी जास्त असते, म्हणून मुख्य जेवण सकाळीच उरका. उठल्यावर तासाभरात मऊ वरण-भात किंवा मुगाची खिचडी आणि केळं, मग दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं: पेज, नाचणीची आंबील, ताक, उकडलेलं अंडं, रात्री हलकंसं काही. डाळ, अंडं, दूध तोडू नका. यकृत दुरुस्त व्हायला प्रथिनं लागतात. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी-पातळ पदार्थ पोटात जायला हवेत. झोपून राहायची सक्ती नाही, घरात फिरू दे, पण शेतातलं काम आणि व्यायामशाळा बंद. बाथरूमला जाऊन दमत असेल, तर तेवढाच आराम.

गोळ्यांच्या बाबतीत कडक राहा. अंग दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड नको. पॅरासिटामॉल डॉक्टर म्हणाले तरच. ५०० च्या चार गोळ्या ही २४ तासांतली वरची हद्द, आणि सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत तेच असतं हे लक्षात ठेवा. अशा ‘सर्दीच्या आणि तापाच्या’ दोन वेगळ्या पाकिटांतून दुप्पट पॅरासिटामॉल पोटात जातं. तो आणखी कशावर औषध घेत असेल, विशेषतः टीबीवर, तर डॉक्टरांना आजच सांगा. टीबीच्या गोळ्यांनीही कावीळ होते आणि ती वेगळ्या तऱ्हेने हाताळतात. सलाईन उलट्या होत असतील तरच. दारू रिपोर्ट सरळ येऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत थेंबही नाही. हे त्याच्या मित्रांनाही ऐकवा.

सुनेबद्दल घाबरायला हवं, पण नीट. हिपॅटायटिस ई एरवी साधाच आजार आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र तो फार क्रूर होतो: नव्या काविळीने आजारी पडलेल्या अशा शंभर बायकांपैकी वीस-पंचवीस जणी दगावल्याच्या नोंदी आहेत. तो माणसाकडून माणसाकडे फारसा जात नाही, मुख्य वाट पाण्याचीच. मुलाला तो पुण्यात लागला असेल तर घरच्या पाण्यात तो असेलच असं नाही. हिपॅटायटिस ए मात्र हाताने पसरतो आणि कावीळ दिसायच्या आधीचे दोन आठवडे ते दिसल्यानंतरचा आठवडाभर जास्त पसरतो. त्यामुळे मुलाने स्वयंपाकघरात हात घालायचा नाही, संडासनंतर साबणाने वीस सेकंद हात धुवायचे. सॅनिटायझरवर विसंबू नका, या विषाणूंना तो पुरत नाही. जमलं तर सुनेने संडास वेगळा वापरावा, नाहीतर रोज ब्लीचिंगच्या पाण्याने धुवावा. ताट-वाट्या वेगळ्या नकोत, नीट घासलेल्या पुरे. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना ही बातमी आज फोनवरच द्या. हिपॅटायटिस ए ची लस संपर्कानंतर दोन आठवड्यांच्या आत उपयोगी पडते, ती द्यायची की नाही ते त्या ठरवतील. तिला मळमळ, ताप, डोळ्यांत किंचित पिवळटपणा, काहीही वाटलं, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय. तिथे ‘विश्रांती घे’ हा सल्ला चालत नाही. तिची एचबीएसएजी तपासणी झालीय का, तेही कार्डावर बघून घ्या. ती बी पॉझिटिव्ह असेल, तर बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत लस आणि सोबत प्रतिद्रव्याचं इंजेक्शन लागतं. बाळ आल्यावर एवढंच: पहिल्या दिवसातच दिसलेली कावीळ, तळपायापर्यंत उतरलेली कावीळ, किंवा दोन आठवड्यांनंतरही टिकलेली कावीळ आणि पांढरट शी, यांवर खिडकीतलं कोवळं ऊन हा उपाय नव्हे. पांढऱ्या शीचं कारण पित्तनलिका नसणं हे असेल, तर शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत व्हावी लागते.

त्या गाड्याला दोष देऊ नका. हिपॅटायटिस ए चा विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ व्हायला १५ ते ५० दिवस लागतात, ई ला दोन ते दहा आठवडे. म्हणजे शोध घ्यायचा तो दीड-दोन महिन्यांपूर्वीच्या मेसच्या पाण्याचा, हॉस्टेलच्या टाकीचा. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेतून सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तुमच्या शेजारी इचलकरंजीत २०१२ साली अशीच पाण्यातून साथ आली होती.

घरचं पाणी उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट खळखळू द्या, झाकून ठेवा आणि लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढा. तुरटीने गाळ बसतो, विषाणू जात नाही. कँडलच्या फिल्टरमधूनही तो सुटतो. गावच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात तिचं प्रमाण, चांगली ३३ टक्के क्लोरीनची असेल तर, हजार लिटरला अडीच ग्रॅम आणि वर तासभर थांबणं. गडबड बहुधा पावडरीत असते: तोंड उघडं राहिलेल्या, ओल लागलेल्या गोणीतला क्लोरीन उडून जातो, मग ओतली तरी ती नुसती चुन्याची पूड. म्हणून नळाला पाणी आलं की जलसुरक्षकाला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची चाचणी, तुमच्यासमोर करायला सांगा. पाण्यात पिवळा रंग आला पाहिजे. गल्लीत दुसरा कुणी पिवळा दिसला, तर आशाताईंना लगेच कळवा.

आणि आज संध्याकाळी हॉस्टेलच्या वॉर्डनना फोन करा. मुलाच्या खोलीतल्या, त्याच मेसवर जेवणाऱ्या पोरांपैकी आणखी दोघे-तिघे ‘ॲसिडिटी झालीय’ म्हणून पडून असण्याची शक्यता आहे.